मेंगाईच्या देवळातली रात्र

तोरण्यावर मुक्कामाला चाललोय म्हटल्यावर वेल्ह्यातल्या चहावाल्या मामांचा हात थांबला. “देवळातच झोपा. अन् रात्री कुणी नावानं हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ देऊ नका.”

मेंगाईच्या देवळाजवळ ब्रह्मपिशाच आहे, ही गोष्ट मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. कुणाचं पांघरूण ओढलं गेलं, कुणाला पहाटेपर्यंत पावलं ऐकू आली. इच्छा अपुरी राहून मेलेला ब्राह्मण जागेला धरून बसतो, ही मूळ समजूत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आजी म्हणायची. पण तीही तिन्हीसांजेला पिंपळाखाली थांबू द्यायची नाही.

चढ दमवणारा. गड 4,600 फूट उंच, शिवरायांनी नाव ठेवलं ते प्रचंडगड. रेलिंग धरून कातळ चढलो, बिनी दरवाजा, मग कोठी दरवाजा. पुढे तोरणजाईचं छोटं देऊळ. गडाची डागडुजी करताना इथे धन सापडलं आणि ते राजगडाच्या कामी आलं, असं सांगतात. मेंगाईपाशी पोहोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. दिवसाची गर्दी उतरून गेलेली, आणि झुंजार माची धुक्यात शिरत होती. अशा धुक्यातच चकवा लागत असणार. ओळखीची पायवाट दहा पावलांवर दिसेनाशी झाली.

अंधार पडल्यावर मला भूत नाही, 1704 साल आठवत राहिलं. औरंगजेबाच्या फौजेने हा गड लढून घेतला, तोही रात्री, दोराच्या शिड्या लावून. नंतर त्याने नाव ठेवलं फुतुहुल्गैब. दैवी विजय, असा अर्थ देतात. पण गैब म्हणजे न दिसणारं. आपला ‘गायब’ त्याच मुळाचा. त्या रात्री तटावर जी माणसं कापली गेली, त्यांच्या अपुऱ्या इच्छांची एकही गोष्ट मला खाली कुणी सांगितली नव्हती. एका ब्रह्मपिशाचाच्या मात्र पन्नास ऐकल्या. याचं मला फार वाईट वाटलं.

रात्री दोनदा जाग आली. बाहेर वाऱ्याने काहीतरी खडखडत होतं. पहिल्यांदा स्लीपिंग बॅग डोक्यावर ओढली. दुसऱ्यांदा उठून बाहेर आलो आणि टॉर्च बंद करून तटाशी उभा राहिलो. खाली वेल्ह्याचे चार दिवे.

कुणी हाक मारली असती, तर मी पहिल्याच हाकेला ओ दिली असती.