खाऱ्या पाण्यातून वीज परत काढताना

पाणी गोडं करायला लागणाऱ्या विजेतली बरीचशी परत काढता येते, हे प्रयोगाच्या टेबलावर बसेपर्यंत मला मनापासून पटलं नव्हतं.

पाण्यातलं मीठ विजेनं ओढून घेणारा माझा सेल साधा होता: सच्छिद्र कार्बनचे दोन इलेक्ट्रोड, त्यांवर आयन-विनिमय पडदे (एकाच प्रकारचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, जाऊ देणारे) आणि मधून पाणी वाहू देणारी पातळ जाळी. 1.2 व्होल्टपर्यंत वीज दिली की सोडियम ऋण बाजूच्या आणि क्लोराइड धन बाजूच्या छिद्रांत जाऊन बसतात, बाहेर गोडं पाणी येतं. त्याच्या फार वर गेलं की पाण्याचंच विघटन होऊ लागतं आणि कार्बन झिजतो, म्हणून ही मर्यादा मी कसोशीनं पाळली. इलेक्ट्रोड भरले की ते मोकळे करावे लागतात. सोपा उपाय म्हणजे दोन्ही टोकं सरळ जोडून टाकणं. मीठ सुटतं, पण कपॅसिटरसारखी (विद्युतभार साठवणाऱ्या घटकासारखी) साठलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. मला तीच धरायची होती. त्यासाठी सेल आणि सुपरकपॅसिटर (खूप जास्त वीज साठवणारा कपॅसिटर) यांच्यामध्ये बक-बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारं सर्किट, बसवला.

खरं गणित मात्र चार्जिंगपासूनच सुरू होतं. रिकाम्या कपॅसिटरला थेट ठरावीक व्होल्टेज जोडलं, तर पुरवलेल्या ऊर्जेतली निम्मी वाटेतच उष्णतेत जाते, मग रोध (विजेच्या वाटेतला अडथळा) कितीही कमी असो. पुढे कन्व्हर्टर कितीही चांगला लावा, ती निम्मी गेली ती गेलीच. म्हणून चार्जिंग स्थिर प्रवाहानं केलं. स्क्रीनवर व्होल्टेजची रेघ तिरकी चढत जाते. प्रवाह उलटा केला की ती झटकन खाली तुटते आणि मग सावकाश उतरू लागते. ती तूट म्हणजे रोधात जाणारी वीज, डोळ्यांना दिसणारी. प्रवाह कमी केला, इलेक्ट्रोडांमधली फट कमी केली, मागच्या ग्राफाइटवरचा दाब वाढवला की ती आकसते. पाणी जितकं जास्त गोडं मागाल तितके त्यात आयन कमी, म्हणून रोध जास्त आणि तूटही मोठी. पण प्रवाह फारच कमी ठेवूनही चालत नाही: तासाला मिळणारं पाणी घटतं आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ऋण इलेक्ट्रोडवरचा विद्युतभार हळूहळू खात राहतो.

डिस्चार्जमधली गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून 1.2 वरून 0.6 व्होल्टपर्यंत उतरलं तरी तीन चतुर्थांश ऊर्जा हाती येते. 0.3 वर फक्त सोळावा हिस्सा उरतो. त्याखाली कन्व्हर्टर स्वतःच जास्त वीज खायला लागतो, तेव्हा तिथं थांबायचं. मीठ मात्र विद्युतभाराच्या प्रमाणात सुटतं, आणि तो व्होल्टेजच्याच प्रमाणात उतरतो, म्हणजे 0.3 व्होल्टला जवळपास चौथा हिस्सा मीठ अजून आतच असतं. ते काढायला शेवटी टोकं जोडावीच लागतात, पण तेव्हा वाया जाणारी ऊर्जा नगण्य असते.

सगळी वीज परत मिळणं शक्यच नाही, कारण मीठ वेगळं करायलाच काही किमान काम लागतं. समुद्राच्या पाण्यातलं निम्मं गोडं करायचं तर घनमीटरला साधारण 1 युनिट. मचूळ पाण्याला ते खूप कमी पुरतं, आणि ही पद्धत तिथंच शोभते. सुपरकपॅसिटरमध्ये साठलेली वीज मी पुढच्या चार्जिंगला वापरतो. आता पंपाला लागणारी वीजही याच हिशेबात घ्यायची आहे.