तुऱ्याचं बुकिंग

अननस चिरायला घेतला की पहिला बळी तुऱ्याचा. इतका हिरवागार, ताठ, रुबाबदार तुरा, आणि तो सरळ ओल्या कचऱ्याच्या डब्यात. दोन वर्षांपूर्वी श्रावणात शिऱ्यासाठी अननस आणला तेव्हा मात्र माझा हात डब्यापाशीच अडला.

त्याला कारणही तसंच होतं. त्याआधी मी पर्यावरण वाचवण्यासाठी रीतसर खर्च केला होता. ड्रॅगन फ्रूटचं रोप घरपोच मागवलं, थर्माकोलच्या खोक्यातून. त्याच्यासाठी नवी प्लॅस्टिकची कुंडी, कोकोपीटच्या विटा, गांडूळखताची पिशवी. रोपाला मी प्रेमाने इतकं पाणी घातलं की ते महिन्याभरात कुजलं. कुंडी आणि थर्माकोल अजून आहेत, आणि माझ्या पणतवंडांच्या काळातही असतील.

म्हणून या वेळी ठरवलं, काहीही विकत आणायचं नाही. तुरा पिरगळून काढला, खालची पाच-सहा पानं सोलली. तिथे देठावर बारीक तपकिरी टिंबं दिसतात, मुळं त्यातूनच फुटतात. ओली जखम मातीत कुजते, म्हणून चार दिवस सावलीत सुकवला. रंगाची रिकामी बादली माळ्यावर पडली होतीच. तिला तापल्या खिळ्याने भोकं पाडली (घरभर दोन दिवस वास), निम्म्यापर्यंत पालापाचोळा दाबून भरला, वर भाज्यांची सालं आणि चार ओंजळी माती. पालापाचोळ्याची ही युक्ती माझी नव्हे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार (शेतीत प्रयोग करणाऱ्यांचं जाळं) गच्चीवरच्या शेतीसाठी हेच सांगत आले. आमच्या सोसायटीत मात्र पाचोळा पेटवून देण्याची प्रथा आहे. झाडूवाल्या मावशींकडे मी एक गोणी मागितली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरलेले नाही.

सासूबाई वेंगुर्ल्याच्या. त्यांनी बादलीकडे पाहून एवढंच विचारलं, "अननसाला कसली गो बादली? कुंपणाला टाकून दे, येतो आपोआप." डोंबिवलीत आमचं कुंपण म्हणजे गॅलरीचं ग्रिल.

पण त्या 'आपोआप'मध्ये तथ्य होतं. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात, अननस रात्री उघडतो. उन्हात दारं बंद, दिवस मावळला की कारभार सुरू. त्यामुळे पाणी उडून जात नाही. मे महिन्यात आम्ही दहा दिवस गावाला गेलो, तुळस रुसली, मोगरा माना टाकून बसला, आणि हा आम्ही आलो-गेलो याची दखलही न घेता उभा. एरवी त्याला मिळतं ते तांदूळ धुतलेलं पाणी.

तसा तो मूळचा आपला नाहीच. दक्षिण अमेरिकेतून निघाला आणि पोर्तुगिजांच्या जहाजातून इकडे उतरला, येताना तिथल्या लोकांनी दिलेलं नावही घेऊन आला. काजूही त्याच वाटेने आलेला. जहांगीर बादशहाने तर आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरसाल हजारो अननस येतात. आग्र्याच्या थंडीत आणि लूमध्ये येत होते, तर डोंबिवलीत का येऊ नयेत?

येईनात, ही गोष्ट खरी. दीड वर्ष नुसती पानं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपड्यांना काट्यांनी ओरखडायचं, एवढंच काम. मग कळलं की अननसाला फुलायला इथिलीन वायूचा इशारा लागतो. शेतकरी त्यासाठी औषध वापरतात, घरी पिकलेल्या केळ्याची सालं चालतात. फेब्रुवारीत मी झाडाच्या बुडाशी काळी पडलेली सालं ठेवली आणि अख्ख्या झाडावर कपड्यांच्या दुकानाची मोठी पिशवी पालथी घातली. चार दिवस गॅलरीत चिलटं नांदली. नवऱ्याने विचारलं, "हे फळासाठी आहे की चिलटांसाठी?"

एप्रिलमध्ये पानांच्या मधोमध लालसर गोंडा दिसला. मग त्यातून जांभळी फुलं, रोज थोडी थोडी, खालून वर. आपण अननसाचे डोळे म्हणतो ना, तो एकेक डोळा म्हणजे एकेक फूल. शंभरावर फुलं एकमेकांना चिकटून एक फळ होतं, आमच्या सोसायटीपेक्षा बऱ्याच एकोप्याने. डोळ्यांच्या तिरक्या रांगा मोजल्या तर एका बाजूने आठ, दुसऱ्या बाजूने तेरा. मी मोजल्या. दोनदा.

हिशोब मांडू नये, पण मांडला. गाडीवरचे अननस बरेचदा केरळातून येतात, हजारावर किलोमीटर ट्रकमधून. प्रवासात टिकावेत म्हणून आधीच उतरवलेले. आंब्यासारखी अढी लावून अननस गोड होत नाही, झाडावर जेवढी साखर भरली तेवढीच. तेव्हा आपला बरा. फक्त आमच्या घरात वर्षाला आठेक अननस लागतात आणि हा एक यायला दोन वर्षं. स्वयंपूर्ण व्हायचं तर सोळा बादल्या हव्यात, मग कपडे वाळत घालायचे कुठे? तेव्हा ट्रक चालूच राहणार. ओल्या कचऱ्याचा डबा तेवढा आता रोजच्याऐवजी दिवसाआड भरतो.

फळ सध्या मुठीपेक्षा थोडं मोठं आहे, हिरवं, कबुतरांच्या भीतीने जुन्या ओढणीत गुंडाळलेलं. सासूबाईंनी त्याचं सासव (मोहरी-खोबरं वाटून करतात ते) करायचं ठरवलंय, मुलाला नुसतं खायचंय, मला शिरा. वाद मिटायला अजून दोन महिने आहेत. काल खालच्या मजल्यावरच्या काकू येऊन ओढणी बाजूला करून बघून गेल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "फळ तुम्ही खा हो. तुरा मात्र मला ठेवा, बादली आणून ठेवलीये."