तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं हिरवं असताना सुकं गवत कशाला?

जून अर्धा सरला की शीळफाट्याकडच्या आमच्या गोठ्यावर येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. डोंगर हिरवा झालाय, रस्त्याच्या कडेला चारा उगवलाय, आणि तुम्ही मुरबाडकडून सुक्या गवताचे भारे आणून शेळ्यांपुढे टाकता? फुकटचं सोडून विकतचं कशाला?

कारण पहिल्या पावसाचं कोवळं गवत म्हणजे बरंचसं पाणीच असतं. पाच किलो कापलं तर त्यात चारेक किलो पाणी निघतं. ३० किलोच्या शेळीला दिवसाला साधारण एक किलो किंवा थोडा जास्त कोरडा ऐवज पोटात जावा लागतो. नुसत्या कोवळ्या गवतावर तो भरून निघत नाही, आणि रवंथाला लागणारा चोथाही त्यात कमीच. मे महिनाभर वाळल्या पाल्यावर राहिलेली शेळी त्यावर तुटून पडते आणि दुसऱ्या दिवशी शेपटीखाली सगळं माखलेलं असतं. लोक पावसाला दोष देतात. खरं कारण म्हणजे तिचं खाणं एका दिवसात बदललं.

शेळीच्या पोटातला सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. तिथे राहणारे सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि त्यातून शेळीला ताकद मिळते. चोथा पचवणारे जीव वेगळे, धान्यातलं पीठ पचवणारे वेगळे. खाणं बदललं की त्यांचं प्रमाणही बदलावं लागतं, आणि त्याला दोन आठवडे सहज जातात. तेवढी सवड न देता धान्य पडलं तर पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, आणि चांगली धडधाकट शेळी एका रात्रीत जाऊ शकते.

हे मी सगळ्यात जास्त पाहते ते बकरी ईदच्या आधी. गेली काही वर्षं ईद मे-जूनच्या सुमारास येते आहे. मुंब्रा, कौसा, भिवंडीतली कुटुंबं राजस्थानातून आलेला सिरोही किंवा सोजत जातीचा बोकड घरी आणतात. बोकड ट्रकच्या प्रवासाने आधीच थकलेला असतो आणि घरातली पोरं मायेने त्याला पोळ्या, भात, भिजवलेले चणे भरवत राहतात. त्यांच्या मायेबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, ती पाहून बरंच वाटतं. पण मी प्रत्येकाला सांगते, किमतीची घासाघीस झाली की विकणाऱ्याला विचारा, काल याने काय खाल्लं? आणि तोच चारा चार दिवस पुरेल इतका त्याच्याकडून मागून घ्या. नवा चारा त्यात आधी पाव हिस्सा, तीन-चार दिवसांनी निम्मा, मग पाऊण, असा वाढवत न्या. लेंड्या पातळ झाल्या किंवा एकमेकींना चिकटून पडायला लागल्या तर एक पायरी मागे या.

आमच्याकडे पावसाळ्यात सकाळी आधी सुकं गवत, मग बाहेर सोडणं. पोटात आधार असला की शेळी कोवळ्यावर अधाशासारखी पडत नाही. कापून आणलेला हिरवा चाराही पसरून सुकत ठेवतो आणि कोमेजल्यावरच घालतो. सुबाभूळ शेळ्यांना फार आवडतो, पण त्यात मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हणून तो एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापुढे जाऊ देत नाही.

गवत घेताना मी भारा सोडून आत हात घालतेच. आत ऊब लागली, कुबट वास आला किंवा झटकल्यावर पांढरी धूळ उडाली, तर ते बुरशीचं गवत आहे. फुकट दिलं तरी घेत नाही. फुलोऱ्यावर कापलेलं गवत थोडं हिरवट राहतं आणि पानं टिकून असतात. बी झडून गेल्यावर कापलेल्याच्या नुसत्या काड्या उरतात, शेळी त्या हुंगून सोडते. इकडे भाताचा पेंढा मुबलक, पण शेळीसाठी तो पोट भरण्यापुरताच, त्यात प्रथिनं अगदी कमी. त्यापेक्षा घाटावरून येणारं तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट कितीतरी चांगलं. आणि चारा गव्हाणीत उंचावर ठेवा. पायदळी गेलेल्या गवताला शेळी तोंड लावत नाही.

आंत्रविषार म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा रोग. त्याची लस पावसाआधी टोचून घ्या. खाण्यातल्या अचानक बदलाने तोही उसळतो.

रोज संध्याकाळी मी प्रत्येकीच्या डाव्या कुशीवर मूठ टेकवून थांबते. मिनिटाला एक-दोनदा आतून ढकलल्यासारखं जाणवलं की पोट चालू आहे. कूस ढोलासारखी ताठ झाली, रवंथ बंद पडला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, डॉक्टरांना बोलवा. आडव्या पडलेल्या शेळीच्या तोंडात तेल तर मुळीच ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

आणि दिवाळीनंतर हिरवं वाळायला लागलं की हाच बदल उलटा करायचा असतो, तितक्याच सावकाशीने. तेव्हा मात्र कुणी काही विचारायला येत नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.