कळव्याच्या खाडीला निळा रंग नको

गणपतीच्या स्थापनेला पाच दिवस उरले असताना ठाण्यातल्या एका मंडळाचा छोट्या रेल्वेचा देखावा टेम्पोतून आमच्या वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपला आला. ८ बाय ३ फुटांचा, १२ मिलिमीटर प्लायवर बांधलेला. डावीकडे कळव्याची खाडी आणि तिच्यावरचा रेल्वेपूल, उजवीकडे पारसिकचा डोंगर आणि बोगद्याचं तोंड. रूळ एचओ मापाचे, म्हणजे १:८७. खरा पारसिक बोगदा १९१६ साली सुरू झाला, लांबी साधारण १.३ किलोमीटर. या मापात तो १५ मीटर भरेल. मंडळाच्या मुलांनी तो दोन फुटांत आटोपला होता आणि ते योग्यच होतं. रूळ, वळणं, वायरिंग, सगळं नीट होतं. गाडी सुरळीत फिरत होती.

बिघडली होती खाडी. खाडीच्या सव्वाचार चौरस फुटांत पाणी म्हणून इपॉक्सी रेझिन, म्हणजे जमल्यावर काचेसारखं होणारं द्रावण, एका दमात एक सेंटिमीटर ओतलेलं. वरचा थर दुधाळ आणि मेणचट, काही ठिकाणी काचेसारखा कडक, त्याच्याच शेजारी बोट रुतेल इतका मऊ. पुलाच्या तिसऱ्या खांबाजवळ तडा गेलेला. शिवाय कडेच्या फटीतून रेझिन खाली गळून प्लायला लोंबत होतं. डोंगरावर काळा ऑइलपेंट मारलेला, त्यामुळे कातळ कोळशाच्या ढिगासारखा चकाकत होता.

मंडळाचा सेक्रेटरी म्हणाला, "दादा, हे काढून दुसरं ओतायचं का?"

काढायचं नाही, असं मी लगेच सांगितलं. त्याचं कारण खाडीतच आहे. ठाण्याहून कळव्याकडे जाताना लोकलच्या दारातून खाली पाहा. तळ कुठेच दिसत नाही. पाणी गढूळ, शेवाळी-तपकिरी, ओहोटीला कडेचा चिखल करडा आणि ओला. ज्या पाण्याचा तळ दिसत नाही, त्याला पारदर्शक रेझिनची खोली लागतच नाही. रंग तळावर द्यायचा आणि वर फक्त ओलेपणा दाखवायचा. रेझिनची गरज डोंगरातल्या झऱ्याला किंवा खडकातल्या डबक्याला, जिथे दगड खालून दिसायला हवेत. खाडीत बिघडलेलं रेझिन आता जमीन म्हणून वापरायचं होतं. कडक भाग ठेवायचा, मऊ भाग खरवडायचा.

मऊ आणि कडक असे डाग शेजारी-शेजारी दिसले की बहुतेक वेळा मिश्रण नीट ढवळलेलं नसतं. डब्याच्या कडेला आणि तळाला हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं दुसरं द्रावण, न मिळालेलं रेझिन राहतं आणि डबा पालथा करून खरवडून ओतलं की तेच वर येतं. ते कधीच कडक होत नाही, उन्हात ठेवलं तरी नाही. त्यासाठी चार-पाच मिनिटं हळू ढवळायचं, मग दुसऱ्या कोरड्या डब्यात ओतून पुन्हा ढवळायचं, आणि पहिला डबा खरवडायचा नाही. प्रमाणात आणखी एक घोळ होतो. डब्यावर २:१ लिहिलेलं असेल तर ते मापाने की वजनाने, हे आधी पाहायचं. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे मापाचं प्रमाण वजनकाट्यावर घेतलं तर हार्डनर जास्त पडतो.

दुधाळ मेणचट थर पावसाळ्याचा. हवेत ओलावा फार असला की हार्डनरमधली अमाइनं ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून वर एक थर धरतात. तो थर पाण्यात विरघळतो, म्हणून आधी कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि हिरवी घासणी. सँडपेपर नंतर. उलटं केलं तर तोच मेणचटपणा सँडपेपरने रेझिनमध्ये घासला जातो आणि वरचा रंग सोलून निघतो. तडा मात्र उष्णतेचा. जाड थर जमताना स्वतःच तापतो आणि थंड होताना आक्रसतो. जाड ओतण्यासाठीचं खास कास्टिंग रेझिन नसेल, तर साध्या रेझिनचा ३ मिलिमीटरचाच थर घ्यावा, पुढचा दुसऱ्या दिवशी. आणि ओतण्याआधी कडा, खांबांचे पाय, प्लायचे सांधे हे सगळं ब्रशने पातळ रेझिन लावून बंद करावं. अगदी बारीक फटीतूनही रेझिन हळूहळू वाट काढतं.

साबणाने धुऊन, कोरडं करून, मऊ भाग पटाशीने काढला आणि ते खड्डे आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसले. खड्डे, तडा, कडेची फट हे सारं एम-सीलने भरलं. ते वाळेपर्यंत डोंगराला हात घातला.

मुलांनी डोंगर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांच्या जाळीवर गोणपाट आणि पीओपी चढवून केला होता. सजावटीतल्या थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, आणि त्यावाचून काही अडतही नाही, हे त्या डोंगराकडे पाहून पटत होतं. कपारी छान कोरल्या होत्या, पण ऑइलपेंटने प्लास्टरची शोषणशक्ती संपवली होती. खडकाचा रंग पातळ पाण्यात देतात, तो प्लास्टरने प्यायला पाहिजे. बंद पृष्ठभागावर तो थेंब-थेंब होऊन घसरतो. म्हणून १२० नंबरच्या सँडपेपरने चमक मोडली आणि मळकट पांढऱ्या मॅट इमल्शनमध्ये खडूची पूड, साधारण तीन भागांस एक, मिसळून दोन हात दिले. पंख्याखाली दीड-दोन तासांत पृष्ठभाग खडूसारखा कोरडा झाला.

सह्याद्रीचा कातळ काळा, हे सगळे म्हणतात, पण काळा असतो तो तुटलेला ताजा दगड, तोही निळसर करडा. पारसिकच्या रांगेतल्या खाणींच्या ताज्या कापांत तो रंग दिसतो. वर्षानुवर्षं पाऊस खाल्लेल्या जुन्या कातळावर लोखंडाचा गंज येतो, म्हणजे तपकिरी, पिवळट, मधे कुठे लाल. शिवाय हा लाव्हाच्या थरांचा दगड आहे, म्हणून कपारी आडव्या दिसल्या पाहिजेत. एखाद्या थराखाली तांबड्या मातीची बारीक रेघ दिली की पाहणाऱ्याला आपला डोंगर ओळखू येतो.

रंग नेहमी फिकटाकडून गडदाकडे. एक भाग ॲक्रिलिक, वीस भाग पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. आधी पिवळी माती, म्हणजे यलो ऑकर, एक-तृतीयांश भागावर तुकड्या-तुकड्यांत. ती ओली असतानाच रॉ अंबर, म्हणजे मातकट तपकिरी, दुसऱ्या एक-तृतीयांश भागावर. उरलेला भाग तसाच. मग संपूर्ण डोंगरावर काळ्याचा धुवा, म्हणजे पाण्यासारखा पातळ हात, एकास तीस. तो भेगांत उतरतो, उंचवट्यांवर राहत नाही. सगळ्यांचा हात आधी काळ्याकडे जातो, आणि तिथेच डोंगर मरतो, कारण काळ्यावर पुढचा कोणताच पातळ रंग दिसत नाही. शेवटी कोरड्या ब्रशवर फिकट करडा घेऊन तो फडक्यावर जवळजवळ पुसून टाकायचा, आणि फक्त धारांवरून ब्रश फिरवायचा. ओला रंग गडद भासतो, म्हणून वाळल्यावर पाहिल्याशिवाय दुसरा हात देऊ नये. मंडपात जे एलईडी लागणार होते, त्यातलाच एक मागवून त्याच्या उजेडात रंग तपासले. वर्कशॉपच्या पांढऱ्या ट्यूबखाली जमलेला रंग पिवळ्या दिव्याखाली विटकरी होतो.

दुपारनंतर खाडी. कडक झालेल्या रेझिनवर २२० नंबर फिरवला, धूळ पुसली. पाण्याच्या रंगात निळा नावालाही नाही. रॉ अंबर, ऑकर, पांढरा, चिमूटभर काळा आणि थोडा ऑलिव्ह. पुलाच्या मधल्या गाळ्यांखाली गडद, काठाकडे फिकट होत चिखलात मिसळणारा. दोन्हींची सीमा ओली असतानाच रुंद मऊ ब्रशने पुसायची, नाहीतर पट्टे दिसतात. आकाशाचा निळा आपोआप येतो, वरच्या चकाकीतून.

काठावर चाळलेली माती, फेविकॉल आणि पाणी सम प्रमाणात, वर करडा धुवा. तिवराची श्वासमुळं म्हणून जुन्या कुंचल्याचे केस दोन-तीन मिलिमीटर कापून चिखलात उभे रोवले. मुलांना चिखलावर गुलाबी फ्लेमिंगो हवे होते. पण डोंगर हिरवागार श्रावणातला, आणि फ्लेमिंगोंचे मोठे थवे खाडीत येतात ते थंडीत. एकाच देखाव्यात दोन ऋतू नकोत, म्हणून पांढरे बगळे ठेवले.

खांबांवरची भरतीची रेघ सगळ्या खांबांवर एकाच पातळीला हवी. ती हाताने काढली की चुकतेच. लाकडी ठोकळ्याला आडवी पेन्सिल बांधली आणि तो ठोकळा सपाट रेझिनवरून सरकवत प्रत्येक खांबावर खूण केली. खाली गडद शेवाळी, रेघेजवळ फिकट.

मग ग्लॉस जेल, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक आणि चकचकीत होणारा घट्ट लेप. १० सेंटिमीटरची खरी लाट या मापात जेमतेम १.१ मिलिमीटर होते, त्यामुळे जेल चपट्या ब्रशने टिपत बारीकच उठवलं, एका दिशेने. खांबांच्या मागे, ओहोटीच्या बाजूला, इंग्रजी व्हीसारखा पसरणारा माग. दमट हवेत जेल दुधाळ राहतं आणि जाड लावलं की आत दोन-दोन दिवस पांढरंच राहतं, म्हणून पातळ दोन थर, मध्ये एक पूर्ण रात्र आणि खोलीत एसी.

सकाळी दोन खांबांच्या मुळाशी अजून दूध दिसत होतं. दुसरा थर तिथे सोडून बाकी ठिकाणी दिला. ते कोपरे संध्याकाळपर्यंत काचेसारखे झाले, मग त्यांचाही थर पूर्ण केला. निघताना मुलं पावसासाठी प्लास्टिकचा कागद घेऊन आली. तो पाण्याला टेकू देऊ नका, असं बजावलं. वरून कोरडं वाटलं तरी जेल काही दिवस चिकट राहतं आणि प्लास्टिक त्याला धरून लाटांचा वरचा पापुद्रा ओढून घेतं. चारही कोपऱ्यांना डोंगराहून उंच पट्ट्या ठोकल्या, त्यांवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर प्लास्टिक, आणि टेम्पो कॅडबरी जंक्शनच्या दिशेने निघाला.