करड्या समुद्राचे मालक

रविवार, रात्र

जेवणं आटोपल्यावर डच सागरचित्रकार यान पॉर्सेलिसचं १६२९ सालचं वादळी समुद्राचं चित्र पुन्हा उघडून बसले. मूळ चित्र म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक संग्रहालयात आहे आणि वहीच्या पानावर मावेल एवढंच आहे, साडेअठरा सेंटिमीटर उंच, चोवीस रुंद. कडेची चौकटसुद्धा पॉर्सेलिसने रंगानेच काढली आहे. त्यामुळे आपण आडोशाला सुरक्षित उभे आहोत आणि बाहेर वादळ चाललंय असं वाटतं. निळा रंग जवळपास नाहीच. करडा, मातकट तपकिरी आणि लाटेच्या माथ्यावर पांढुरका फटकारा. कुठे पाणी संपलं आणि कुठे आभाळ सुरू झालं, ते डोळे बारीक करून शोधावं लागतं.

त्याच्या आधीच्या पिढीत हेंड्रिक व्रोमच्या चित्रांत जहाज हा नायक असे. फडफडणारी निशाणं, एकेक दोर मोजून घ्यावा इतका तपशील. पॉर्सेलिसने जहाज बाजूला सारलं आणि हवेलाच विषय केलं. मोजक्या रंगांच्या छटांमधून दमट हवा उभी करायची ही रीत पुढे सिमोन द व्लीगर, यान व्हान होयेन यांनी आपापल्या परीने वाढवली.

पण आज मन चित्रापेक्षा मालकीच्या कागदांत अडकलंय.

पहिला कागद १६१५ सालचा, अँटवर्पचा. पॉर्सेलिस त्याच वर्षी रॉटरडॅममध्ये दिवाळखोर झाला होता. पिंपं बनवणाऱ्या एका कारागिराशी त्याने करार केला. वीस आठवड्यांत जहाजांची चाळीस चित्रं, म्हणजे आठवड्याला दोन. लाकडी फळ्या आणि रंग तो कारागीर पुरवणार. पुढे ज्याला चित्रकार-लेखक सॅम्युएल व्हान होखस्ट्राटेनने सागरचित्रांचा राफाएल म्हटलं, त्या माणसावर अशी ठेक्याची वेळ आली होती. मला हे वाचून वाईट वाटतं, आणि त्याच वेळी असंही वाटतं, की हात एवढा झपाट्याने चालवावा लागला म्हणूनच अनावश्यक ते सगळं गळून पडलं असेल. कमी रंग, पातळ थर, मोजके फटकारे. गरजेतून आलेली काटकसर हळूहळू नजर बनली असावी. हा माझा अंदाज, पण चित्र बघताना तो पटतो.

दुसरा कागद रेम्ब्रांटच्या घरचा. जुलै १६५६. कर्ज फिटेना, तेव्हा ॲमस्टरडॅममधल्या त्याच्या घरातल्या वस्तूंची खोलीवार यादी झाली. ३६३ नोंदी. शिरस्त्राणं, शिंपले, पुतळे, चित्रांच्या थप्प्या. आणि त्यात पॉर्सेलिसची सागरचित्रं! ज्याने अंधारातून चेहरे उजळवले त्याच्या भिंतीवर करडं पाणी होतं, हे कळल्यापासून मला रेम्ब्रांट जास्त जवळचा वाटतो. दिवसभराचं काम संपवून तो त्या लाटांकडे बघत असेल का, हा विचार डोक्यातून जात नाही.

तिसरा कागद माझा सर्वांत लाडका. यान व्हान दे कापेले हा ॲमस्टरडॅमचा रंगारी, कापड रंगवणारा. वडिलांचा कारखाना गर्द किरमिजी रंगासाठी नावाजलेला, पैसा भरपूर. चित्रकला तो आपल्या हौसेने, स्वतःच शिकला. दिवसा लाल रंगाचा धंदा आणि फावल्या वेळात शांत, रुपेरी-करड्या पाण्यावर उभी असलेली गलबतं! चित्रं विकून पोट भरायचं नसल्यामुळे घाई नव्हती. १६७९ च्या अखेरीस तो गेला आणि नंतर मालमत्तेची यादी झाली. सुमारे दोनशे चित्रं, त्यांत पॉर्सेलिसची सोळा. रेखाटनं तर सात हजारांच्या घरात. द व्लीगरची तेराशेच्या वर, रेम्ब्रांटची पाचशे, व्हान होयेनची चारशे. शिवाय स्वतःची एक नौका. चित्रकाराने चित्रकाराचं काम असं जिवापाड सांभाळून ठेवावं, यापेक्षा मोठी दाद कोणती असेल?

या याद्या वाचताना एक गोष्ट टोचते. एक झाली दिवाळं निघालं म्हणून, दुसरी माणूस गेला म्हणून. चित्र सुखाने भिंतीवर होतं त्या वर्षांबद्दल कागद गप्प असतात. शिवाय कारकून लिहिणार ते 'पॉर्सेलिसचा एक समुद्र' एवढंच. माप नाही, विषय नाही. म्हणजे आज एखाद्या संग्रहालयात टांगलेला समुद्र त्या सोळांपैकीच आहे, हे छातीठोकपणे सांगायला त्या ओळीचा आधार पुरत नाही.

म्हणून ॲमस्टरडॅमचा चित्रव्यापारी याक गाउडस्टिकर याची काळी छोटी वही मला एवढी मोलाची वाटते. तो ज्यू होता. मे १९४० मध्ये नाझी फौजा शिरल्यावर बायको आणि तान्ह्या मुलासह 'बोडेग्राव्हन' जहाजावरून तो निसटला, आणि रात्रीच्या अंधारात जहाजाच्या उघड्या झडपेतून खाली पडून वारला. खिशात ती वही होती. अकराशेच्या वर नोंदी, कोणाचं चित्र, कसलं, केवढं. मागे राहिलेला साठा नाझी नेता गोअरिंग आणि त्याचा साथीदार आलोइस मीडल यांनी कवडीमोलाने गिळला. युद्धानंतर बरीच चित्रं परत हॉलंडमध्ये आली, पण सरकारनेच ती आपल्याकडे ठेवून घेतली. सुनेने वर्षानुवर्षं झगडल्यावर, २००६ साली, २०२ चित्रं कुटुंबाच्या हाती आली.

त्यांत सालोमन व्हान रौस्डालचं १६४९ सालचं नदी आणि नावेचं मोठं चित्र होतं. समुद्र नाही, पण तेच ओलसर आभाळ, तीच पाण्यावरची उजेडाची साय. कुटुंबाकडून २००७ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने ते विकत घेतलं. आता त्याच्या मालकांच्या यादीत गाउडस्टिकरचं नाव आहे, त्याखाली गोअरिंगचंही आहे, आणि मग पुन्हा वारसांचं. गोअरिंगचं नाव खोडू नये असंच मला वाटतं. ते तिथे, त्या दोन नावांच्या मध्ये, सगळ्यांना वाचता येईल असंच राहायला हवं.