आमची वाटचाल: डेलिया आणि फक्त डेलिया

गुलाबाची कलमं विकली असती तर एव्हाना बंगला झाला असता, असं आमच्या घरात अजून बोललं जातं. बोलोत. पुण्यात डेलियाचं गणित ठरलेलं: पाऊस ओसरायला लागला की कटिंग कुंडीत, डिसेंबर-जानेवारीत फूल, उन्हं तापली की कंद वाळूत. उरलेल्या महिन्यांत काय करता, असं लोक विचारतात. कंद कुजू देत नाही, हेच करतो.

नर्सरीची सुरुवात माळीमामांबरोबर भागीदारीत झाली. आंबिल ओढ्याच्या काठची भाड्याची जागा, पैसा माझा, हात त्यांचा. कटिंग काढायला मामा दाढीचं पातंच वापरायचे. सिकेटरनं, म्हणजे छाटणीच्या कात्रीनं, कोवळा दांडा चिरडतो आणि तिथूनच कूज धरते. झाड बदललं की पातं स्पिरिटमध्ये. माझी तीन सिकेटरं भिंतीवर गंजली, मामांचं पात्यांचं पाकीट मात्र कायम खिशात. नावाची पट्टी ते पेन्सिलीनंच लिहायचे. मार्कर दोन उन्हाळ्यांत उडतो, पेन्सिल उडत नाही. ज्याच्याकडे पट्टी नाही त्याच्याकडे डेलियाची जातही नाही, हे त्यांचं म्हणणं.

मधली वर्षं बरी गेली.

मग रस्त्यापलीकडे दुसरी नर्सरी आली. आमचाच पोरगा फोडला, त्याचं काही नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण फिगारोसारखी बियांची बुटकी रोपं कुंडीत लावायची, वर केनिया व्हाइट जातीच्या ताटाएवढ्या फुलाचा फोटो चिकटवायचा आणि आमच्या निम्म्या भावात द्यायची, याला काय म्हणायचं? बुटकी रोपं वाईट नसतात. वाफ्याच्या कडेला झकास दिसतात. तसं सांगून विका की!

त्यात २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आली. त्या रात्रीच्या पुरात ओढ्यानं काय केलं ते पुणेकरांना सांगायला नको. आमची मागची भिंत गेली, शेडनेट गेलं, मुळं धरलेल्या कटिंगचे ट्रे वाहून गेले. क्रेटमधले मूळ कंद जागेवर होते, पण वाळूऐवजी गाळात. धुतले, पुसले, बुरशीनाशकात बुडवले. आठवड्याभरात बोटानं दाबले की आत जात होते. केल्विन फ्लडलाइट ही जात संपली. रामकृष्ण मिशनच्या स्वामी विनयानंदांनी काढलेली भिक्खूज मदरही संपली. चार दिवसांत पलीकडून बातमी सुटली की आम्ही धंदा बंद केला. आमची जुनी गिऱ्हाइकं मलाच फोन करून हळहळत होती.

बिबवेवाडीच्या एक निवृत्त चित्रकलेच्या बाई पहिल्यापासून आमच्याकडे यायच्या. घासाघीस करायच्या नाहीत, पण प्रत्येक कंदाचा डोळा चष्मा काढून बघायच्या. त्या दर हंगामाला नवीन जात नेत, जुने कंद गच्चीवरच्या खोलीत, खोक्यात वाळू घालून ठेवत. घटस्थापना झाल्याशिवाय लावायचे नाहीत हा त्यांचा नेम, म्हणून कंद अजून खोक्यातच होते. मामा रिक्षानं जाऊन घेऊन आले. प्रत्येकाला पट्टी, पेन्सिलीनं. पैसे घेतले नाहीत. "पुढच्या वर्षी माझ्या कुंड्या तुम्ही भरून द्या" एवढंच म्हणाल्या. कंद उबेत ठेवून फुटवे काढले, त्यांचे कटिंग केले, ते वाढल्यावर त्यांचेही शेंडे घेतले. त्या वर्षी विकायला काही नव्हतं, पण जाती राहिल्या.

आता कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. कंद घेताना मानेशी डोळा बघा. मान तुटलेला कंद म्हणजे रताळं, कितीही जाड असो. मोठं फूल हवं तर मधली कळी ठेवून बाजूच्या खुडा, जीव जळला तरी. युरिया घालू नका, नुसता पाला माजतो; शेणखत, निंबोळी पेंड, बोनमील पुरे. काठी कंद लावतानाच रोवा. नंतर रोवली तर ती हमखास कंदातूनच जाते. हंगामानंतर दांडा कापला की तो पोकळ असतो, त्यात पाणी साचून गड्डा सडतो, तेव्हा तोंडावर मेण लावा.

आता जागा बदलली आहे, चढावर. कटिंग गणपती गेल्यावर मिळतील. पलीकडून घेतलेली कुंडी दाखवून "हिला मोठं फूल का येत नाही" असं विचारायला मात्र आमच्याकडे येऊ नका. येतात लोक, आणि मामा त्यांना बसवून, चहा पाजून सगळं सांगतात.