ॲम्ब्युलन्सच्या दारावरचा नंबर

लेकीचं ईएमटीचं, म्हणजे ॲम्ब्युलन्समध्ये पेशंटवर तातडीचे उपचार करणाऱ्याचं, सर्टिफिकेट आलं तेव्हा आई इथे ह्यूस्टनलाच होती. तिनं देवापुढे साखर ठेवली, कराडला दादाला फोन झाला, आणि मी म्हटलं, चला, रात्री-अपरात्री काही झालं तर आता घरचंच माणूस आहे. लेक एकदम गंभीर झाली. म्हणाली, "आई, काही झालं तर ९११ ला लगेच फोन लावायचा. नुसत्या सर्टिफिकेटवर मी पेशंटवर उपचार नाही करू शकत. माझ्यावर मेडिकल डायरेक्टर, म्हणजे जबाबदारी घेणारा डॉक्टर, असावा लागतो."

किमान १५० तासांचा कोर्स, हॉस्पिटलात आणि ॲम्ब्युलन्समध्ये केलेल्या ड्युट्या, नॅशनल रजिस्ट्रीची परीक्षा, बोटांचे ठसे देऊन झालेली एफबीआयची तपासणी, आणि हे सगळं करून हाती आलेला कागद ४ वर्षांपुरता. तरीही त्यावर स्वतःच्या जबाबदारीनं काही करायचं नाही? मला ते पटेना. मग तिनं मला बसवून सगळं समजावलं, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

टेक्सासमध्ये ॲम्ब्युलन्समधला माणूस जे करतो ते डॉक्टरनं त्याच्यावर सोपवलेलं काम म्हणून करतो. प्रत्येक ॲम्ब्युलन्स सर्व्हिसला मेडिकल डायरेक्टर ठेवावाच लागतो. कोणाला काय करू द्यायचं, कोणतं औषध कधी आणि किती, गाडीत कोणतं सामान हवंच हवं, हे तो लेखी ठरवतो आणि खाली सही करतो. हीच मुलगी उद्या शेजारच्या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, सर्व्हिसमध्ये लागली, तर तिथला डॉक्टर तिला नव्यानं पारखून घेणार. रस्त्यावर पहाटे तीन वाजता काय चुकलं याला जबाबदार असणारं एक नाव असतं, आणि ते नाव आधीपासून कागदावर असतं. मला सगळ्यात जास्त भावलं ते हे.

दुसरी गोष्ट गाडीच्या दाराची. इथल्या ॲम्ब्युलन्सच्या दोन्ही बाजूंना सर्व्हिसचं नाव आणि राज्यानं दिलेला लायसन्स नंबर रंगवलेला असतो. राज्याच्या आरोग्य खात्याच्या साइटवर कोणीही जाऊन तो तपासू शकतं. गाडीतल्या माणसाचं सर्टिफिकेटही तपासता येतं, आणि कोणावर कारवाई झाली, कोणाचं सर्टिफिकेट निलंबित झालं, हेही तिथे दिसतं. मी सिग्नलला ॲम्ब्युलन्स शेजारी उभी राहिली की आता नंबरच बघते. गाडी कोणत्या दर्जाची आहे त्यावर आत कोण असलं पाहिजे हेही ठरलेलं. एमआयसीयू, म्हणजे चालता-फिरता आयसीयू, म्हणवायचं असेल तर किमान एक पॅरामेडिक, म्हणजे ईएमटीहून जास्त शिकलेला माणूस, आणि एक ईएमटी. तपासणीला माणसं येतात ती न कळवता.

एकदा लेकीचा डबा द्यायला तिच्या ॲम्ब्युलन्स स्टेशनवर गेले होते. शिफ्ट नुकतीच सुरू झाली होती. ती आणि तिचा जोडीदार गाडीतला एकेक कप्पा उघडून बघत होते. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा किती दाखवतो, सक्शन मशीन ओढतंय का, श्वास द्यायची पिशवी मोठ्यांच्या आणि तान्ह्या बाळाच्या अशा दोन्ही मापांत आहे का, ॲस्पिरिनची तारीख संपली नाही ना. प्रत्येक ओळीपुढे टॅबलेटवर टिकमार्क. गाडी उभी होती तरी तिची वायर भिंतीतल्या प्लगला जोडलेली. ह्यूस्टनच्या ऑगस्टमधल्या उकाड्यात औषधं खराब होऊ नयेत म्हणून आतला एसी अखंड चालू ठेवतात. आदल्या शिफ्टनं हेच सगळं तपासलं असणार, तरी पुन्हा. मी डबा ठेवून मुकाट्यानं निघाले.

हे इथे पहिल्यापासून असं होतं असं कोणी समजू नये. १९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं अपघाती मृत्यूंवर अहवाल काढला, तेव्हा इथल्या कितीतरी गावांत ॲम्ब्युलन्स म्हणून अंत्यविधीवाल्यांच्याच गाड्या धावत होत्या. आणि ह्यूस्टनचं तर अगदी अलीकडचं आहे. डायलिसिसला जाणाऱ्या, स्वतःच्या पायांनी चालू शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ॲम्ब्युलन्समधून न्यायचं आणि मेडिकेअरला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याला, बिल लावायचं, हा इथे धंदाच झाला होता. लहान लहान खासगी कंपन्यांचं पीक आलं होतं. शेवटी जुलै २०१३ मध्ये केंद्र सरकारनं ह्यूस्टन भागात मेडिकेअरसाठी नव्या ॲम्ब्युलन्स कंपन्यांची नोंदणीच थांबवली, आणि त्याच सप्टेंबरपासून टेक्सासनं नव्या कंपन्यांना लायसन्स देणं वर्षभर बंद केलं. त्यानंतर नव्या खासगी कंपनीला स्थानिक शहराचं किंवा काउंटीचं मंजुरीपत्र आणि बँकेची हमी सक्तीची झाली. केंद्राची बंदी २०१७ मध्ये हार्वी वादळाच्या पुरानंतर उठली. म्हणजे लबाडी इथेही भरपूर झाली. फरक इतकाच की लायसन्स देणारं कोणीतरी होतं, म्हणून ते थांबवणारंही कोणीतरी होतं.

पैशाचं मात्र इथे चांगलं नाही, आणि ते मी लपवणार नाही. घरपट्टीच्या बिलात आपत्कालीन सेवेच्या कराची एक वेगळी ओळ असते, ती आम्ही भरतोच. शिवाय ॲम्ब्युलन्स आली की तिचं बिल वेगळं. अचानक येणाऱ्या मोठ्या बिलांविरुद्ध २०२२ पासून देशभर कायदा लागू झाला. हवाई ॲम्ब्युलन्स त्यात आहे, रस्त्यावरची नाही. टेक्सासनं २०२३ मध्ये स्वतःचा कायदा केला, पण तो राज्याच्या अखत्यारीतल्या विम्यांनाच लागू. मोठ्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्या बहुतेकांचा विमा त्यात बसत नाही.

ऑफिसात कोणी भारताबद्दल विचारलं की मी १०८ बद्दल सांगते, आणि मनापासून सांगते. २०१४ पासून महाराष्ट्रात ९३७ गाड्यांची सेवा उभी राहिली, फोन फुकट, गाडी फुकट, आणि आत डॉक्टर. इथे गाडीत डॉक्टर नसतो म्हटल्यावर आपल्या लोकांना धक्का बसतो, आणि आपल्याकडे असतो म्हटल्यावर इथल्यांना. बीएएमएस, बीएचएमएस झालेली तरुण मुलं रात्रभर हायवेवर ड्युटी करतात. कराड-सातारा पट्ट्यात किती जणांचे प्राण त्यांनी वाचवले आहेत हे मला कोणी सांगायला नको. अमेरिकेत बसून त्यांना नावं ठेवणाऱ्यांची मला चीड येते.

माझं दुखणं १०८ चं नाहीच. ते आहे हॉस्पिटलच्या गेटबाहेर रांगेत उभ्या असलेल्या खासगी गाड्यांचं.

काकांना कराडहून पुण्याला हलवायचं ठरलं, तेव्हा अशीच एक गाडी ठरवली. काचेवर 'कार्डियाक' असं लाल अक्षरांत लिहिलेलं. आत ड्रायव्हर आणि त्याच्याबरोबरचा एक पोरगा. दादा मागे बसला होता. खंबाटकी उतरल्यावर काकांचा श्वास वाढला, दादानं सिलिंडरकडे पाहिलं तर काटा लाल पट्ट्यात. पोरगा म्हणाला, "साहेब, पुण्यापर्यंत पुरतंय." पुरलं नाही. शिरवळला एका दवाखान्यानं आपला सिलिंडर दिला म्हणून काका पुण्याला पोचले. तो पोरगा कोण, त्यानं काय शिकलंय, त्याला कोणी त्या गाडीत बसवलं, हे विचारायला जायचं कुठे? गाडी आरटीओकडे नोंदलेली होती, भाड्याचे दरही आरटीओनं ठरवून दिलेले. गाडीच्या बांधणीसाठी एआयएस-१२५ हे मानक आहे. ॲम्ब्युलन्सला वाट दिली नाही तर १०,००० रुपये दंड आहे. आणि आतल्या माणसाचं काय? २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्टलाही नोंदणीच्या कक्षेत आणलं, ही मोठी गोष्ट झाली. पण त्या पोराला 'तुझा नोंदणी क्रमांक दाखव' असं पेशंटच्या नातेवाइकानं विचारायची सवय अजून आपल्याकडे नाही, आणि दाखवायची सवय त्याला नाही. गाडीच्या दारावर फक्त मालकाचे दोन मोबाइल नंबर होते.

मी हे फोनवर बोलले तेव्हा दादा तडकला. "तू तिथून सांगू नकोस. त्या रात्री तो ड्रायव्हर होता म्हणून काका पोचले. दुसरी गाडी मिळत नव्हती. तुमचे नियम लावले तर अर्ध्या गाड्या बंद होतील, मग पेशंट जीपमधून नेऊ का?" त्याचं म्हणणं खोटं नाही. टेक्सासच्या ग्रामीण भागातही तेच रडगाणं आहे, गाडी आहे तर माणूस नाही. तरीही माझं मत बदललेलं नाही. किती गाड्या आहेत हे मोजताना सिलिंडर रिकामा असलेली गाडी धरायची नसते. नोंदणीला मुदत द्या, त्या पोरांना सरकारी खर्चानं शिकवा, तालुक्याच्या हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरवर चार गाड्यांची जबाबदारी टाका. रात्रभर जागणारी, पेशंटला खांद्यावर उचलून जिना उतरवणारी ही पोरं आहेत. त्यांना शिकायला मिळालं तर ती माझ्या लेकीच्या तोडीचं काम करतील, याची मला खात्री आहे.

आई पावसाळ्याआधी परत जायचं म्हणत होती. तिच्या इथल्या मुक्कामाची मुदत वाढवून घेण्याचा अर्ज मी केला आहे. दादाला ते आवडलेलं नाही. त्याचं म्हणणं, तिथे बिलाच्या धाकानं आई छातीत दुखलं तरी सांगणार नाही, इथे निदान १०८ ला पैसे पडत नाहीत. म्हणून मी आईला शेजारी बसवून सांगितलंय की बिल मी भरीन, ते कितीही येऊ दे, पण कळ आली की त्याच क्षणी सांगायचं. फ्रिजवर तिच्या गोळ्यांची यादी, ॲलर्जी आणि डॉक्टरचा फोन इंग्रजीत लिहून लावलाय. लेकीनं ती यादी तपासली आणि दोन गोळ्यांचे डोस मिलिग्रॅममध्ये लिहायला लावले.